चि. रेवतीस, घराच्या निमित्तानं

लातूर,
रविवार, रात्री

चि. रेवती,
अनेक आशीर्वाद.

सकाळी तू फोन ठेवलास आणि मग दिवसभर माझं कशात मन लागलं नाही. तुझा राग आला नाही गं. "आई, बुधवारपर्यंत घराची ऑफर द्यायचीय, आत्ता काही काढू नकोस," असं तू म्हणालीस. फोनवर मला नीट बोलता येत नाही. तीन प्रश्न एका दमात विचारते आणि तुला वाटतं, आईनं नाट लावला. म्हणून लिहायला बसले. बाबा उद्या सकाळी पानांचे फोटो काढून पाठवतील. शांतपणे वाच, लगेच उत्तर देऊ नकोस.

एक आधीच सांगते. तुझा ओजस रात्री किती वाजता झोपतो, हे मी या पत्रात विचारणार नाही. ते आपलं बोलून झालंय.

तुम्ही बघितलेल्या प्लेन्सबरोच्या घराचे फोटो सगळे बघितले. स्वयंपाकघर मोठं आहे, ओट्यासमोर खिडकी आहे, ती मला फार आवडली. मागे झाडंही आहेत. तुझ्या नावावर घर होतंय म्हटल्यावर बाबांनी बँकेतल्या जुन्या मित्रांना फोन केले, मला कळू न देता. आक्कालाही कळवलं. तिचं तुला माहीतच आहे, तरी कळवलं. आपल्या घरात बाईच्या नावावर घर झालेलं हे पहिलंच, आणि तेही स्वतःच्या पगारावर.

मंदाररावांनी पाठवलेला हिशेब वाचला. साडेआठ लाख डॉलरचं घर आणि वर सालाला अठरा हजारांच्या आसपास घरपट्टी. मी आकडा पुन्हा वाचला, मग बाबांकडून वाचून घेतला. मी तिकडे होते तेव्हा त्यांनीच गाडीत समजावून सांगितलं होतं, की न्यू जर्सीची घरपट्टी सगळ्या अमेरिकेत जड, सरासरीच दहा हजार डॉलरच्या घरात जाते, आणि त्यातला निम्म्याहून जास्त पैसा शाळांकडे जातो. म्हणजे तुम्ही घर घेताय ते चार भिंतींसाठी कमी आणि शाळेच्या हद्दीसाठी जास्त. आपल्याकडे अकरावीचा प्रवेश मार्कांवर होतो, पत्ता कुणी विचारत नाही. तिकडे पत्ताच मार्क. ज्याला तो पत्ता परवडत नाही त्याच्या लेकराचं काय, असं मी तेव्हा विचारलं, तर ते म्हणाले की यावर तिथल्या वरच्या कोर्टात वर्षानुवर्षं खटला चालला, 'ॲबट'चा. १९९० साली कोर्टानं सांगितलं, गरीब शहरांतल्या शाळांनाही श्रीमंत गावांइतकाच पैसा मिळाला पाहिजे, आणि ती तूट राज्यानं भरावी. त्या शहरांत तुमची जर्सी सिटीही होती. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. शिक्षिका होते ना मी, जिल्हा परिषदेच्या शाळेत छत गळत असताना शिकवलंय.

तर जर्सी सिटी सोडायची, हे तुमचं ठरलंय. कारणही मला पटतं. मॅकनेअर हायस्कूल नावाजलेलं, पण तिथे जागा मोजक्या, निवड होऊन घेतात. नाही मिळाली तर पुढे काय, ही धाकधूक ओजस पाचवीत असल्यापासून तुझ्या बोलण्यात आहे. आता तो सातवीत. नववीला हायस्कूल सुरू, म्हणजे हाताशी दोन वर्षंही पुरती नाहीत. हे सगळं मला कळतं.

एडिसनचा विचार तुम्ही का सोडलात तेही कळलं. ओक ट्री रोड जवळ, देवळं जवळ, दुकानात मेथीची जुडी मिळते, मला तर तिथे फार करमलं असतं. पण गाव एक आणि हायस्कुलं दोन. उत्तरेच्या बाजूला घर असेल तर जे. पी. स्टीव्हन्स, दक्षिणेला असेल तर एडिसन हाय. त्या एका रेषेपायी घरांच्या किमतीत फरक पडतो, असं तूच सांगितलंस. आणि तो एजंट, किती विचारलंस तरी "ही शाळा चांगली, ती वाईट" असं काही बोलेना, म्हणून तू चिडली होतीस. त्यांना तसं बोलायची भीती असते गं. कुठल्या वस्तीत कोणी राहावं हे शाळेच्या आडून सुचवलं, असा आरोप येऊ शकतो. तिकडे १९६८ पासून घरांच्या व्यवहारात भेदभाव करायला बंदी आहे. त्यानं तुला राज्याची वेबसाइट बघायला सांगितली, ते त्यानं बरं केलं.

पण तू वेबसाइट बघितली ती दुसरीच. शाळांना दहापैकी आकडे देणारी. नऊ, दहा, आठ. घराच्या जाहिरातीखाली तोच आकडा छापलेला असतो, हे मीही बघितलं. रेवती, मी पस्तीस मुलांच्या वर्गाचे निकाल वर्षानुवर्षं लावलेत. परीक्षेच्या आकड्यात शाळा किती असते आणि घर किती असतं, हे मला कोणी सांगायला नको. ज्या पोराच्या घरी दिवा आहे, पुस्तकं आहेत, शिकलेली आई आहे, ते पोर कुठल्याही बाकावर बसवा, बरे मार्क आणतंच. आता म्हणे मुलं वर्षभरात किती पुढे सरकली तेही त्यात धरतात. धरोत. तरीसुद्धा दहाचा आकडा ओजसबद्दल काही सांगत नाही. तो आकडा शेजाऱ्यांच्या कमाईबद्दल पुष्कळ सांगतो.

बघ, लागले शिकवायला. माफ कर. एकदा खडू हातात आला की सुटत नाही.

खरं मनात आहे ते वेगळंच. तुम्ही वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो, त्या दोन गावांचा मिळून असलेला शाळांचा जिल्हा, म्हणालात तेव्हापासून मला लातूर दिसायला लागलंय.

तू जन्मापासून इथलीच, तुला ते वेगळं वाटलं नसेल. नव्वदच्या दशकात बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं ओळीनं यायला लागली. शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज, प्राचार्य जनार्दन वाघमारे यांचं नाव तर घराघरांत होतं. पेपरवाल्यांनी 'लातूर पॅटर्न' म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता नांदेड, परभणी, बीड, सगळीकडून माणसं इथे खोल्या शोधायला आली. आपण वरचा मजला चढवला तो त्याच काळात. बाबांनी कर्ज काढलं, मी शाळा सांभाळून डबे केले. कॉट बेसिसवर पोरं राहायची. काही आया लेकरांबरोबर राहायच्या. एका खोलीत आई आणि लेकरू, आणि बाप गावाकडे शेती नाही तर नोकरी धरून. सुट्टीला यायचा, पिशवीत ज्वारी आणि शेंगा घेऊन. पोरगा त्याच्याशी काय बोलावं म्हणून गप्प बसायचा.

माझ्या ओट्याशी बसून त्या आयांनी सांगितलेलं मी कुणाला बोलले नाही, आज तुला एवढंच सांगते, की त्यांतल्या कुणालाही लातूरला आल्याचा पश्चात्ताप नव्हता. पोरं डॉक्टर झाली, इंजिनियर झाली. त्या जिंतूरच्या बाईची मुलगी आज नांदेडला स्वतःचं हॉस्पिटल चालवते, दिवाळीला फोन करते. म्हणून मी तुला "जाऊ नकोस" असं म्हणतच नाही. चांगल्या शाळेमागे घर उचलून नेणं यात काही वावगं नाही. आमचा संसार त्याच लोकांनी दिलेल्या भाड्यावर उभा राहिला, तुझी पुण्याची फी त्यातूनच गेली.

पण वसमतचा माधव तुला आठवत असेल. तुझ्याच वर्षाचा, जिन्यालगतच्या खोलीतला. तुला फिजिक्स अडलं की तू त्यालाच विचारायचीस. तो पहाटे साडेतीनला उठायचा. पाण्याचा स्टीलचा ग्लास पुस्तकाशेजारी ठेवायचा, झोप आली की बोटं बुडवून डोळ्यांवर फिरवायचा. खोलीतल्या भिंती पुरेनात म्हणून जिन्याच्या भिंतीवर खडूनं सूत्रं लिहायचा. खालपासून वरपर्यंत, चढता चढता वाचता यावीत म्हणून. बाबा चिडले होते, मीच म्हटलं राहू द्या. जेवायला खाली आला की भाकरी उभ्यानंच खायचा. मी म्हणायचे बस रे, तर म्हणायचा, बसलं की झोप येते मावशी.

त्याला मेडिकल मिळालं नाही. थोडक्यात गेलं. वडील न्यायला आले त्या दिवशी सकाळी बादली आणि फडकं घेऊन त्यानं जिन्याची सगळी भिंत पुसून काढली. मी नको म्हणत होते. पुसून झाल्यावर म्हणाला, "मावशी, डाग राहिला का बघा." पुढे त्याचं काय झालं मला कळलं नाही. गावाकडून येणाऱ्यांना विचारलं, कुणाला पत्ता नव्हता. तू तेव्हा पुण्याच्या तयारीत होतीस. तुला मिळालं होतं, पेढे वाटत होतो आपण. एकाच जिन्याखाली दोन्ही.

हे तुला घाबरवायला लिहीत नाही. मीच घाबरलेय, ते लिहितेय.

मागे मंदाररावांनी वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोबद्दलचा एक लेख पाठवला होता, किती छान जिल्हा आहे म्हणून. त्यात जे होतं ते मी डिक्शनरी घेऊन वाचलं. २०१५ साली तिथले सुपरिंटेंडेंट डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं होतं. त्याआधीच्या वर्षात त्या जिल्ह्यातल्या १२० मुलांना मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी पाठवावं लागलं, आणि ४० मुलांना दवाखान्यात ठेवावं लागलं. मिडल स्कूल आणि हायस्कूलची मुलं. ओजसच्या वयाची. मग त्यांनी सहामाही आणि वार्षिक परीक्षा काढून टाकल्या, काही रात्री गृहपाठ द्यायचा नाही असं ठरवलं, लहान वयातच वेगळ्या काढलेल्या हुशार मुलांचा गणिताचा वर्ग आवरता घेतला. आणि पालकांमध्ये दोन तट पडले. पुष्कळसे आपल्याकडचे आणि चीनकडचे पालक म्हणाले, आम्ही एवढं लांबून याच्याचसाठी आलो, आणि तुम्ही शाळा पातळ करताय?

तो माणूस मला आवडला, रेवती. स्वतःच्या जिल्ह्याचं दुखणं त्यानं लपवलं नाही. ज्या गावच्या शाळेचा प्रमुख असं पत्र लिहितो, त्या गावात जायला हरकत नाही, हेही मी म्हणेन. पण त्याला ऐकवणाऱ्या त्या पालकांचं बोलणंही मला ओळखीचं वाटलं. माझ्या ओट्याशी तेच बोलणं रोज चालायचं. आणि काल तू फोनवर म्हणालीस, "आई, तिथली सगळी मुलं हेच करतात, तोही करेल." तो सूर मी कुठेही ओळखेन.

ओजस सातवीत रात्री साडेअकराला गणिताच्या क्लासचा गृहपाठ करतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि तुम्ही तर अजून जर्सी सिटीतच आहात.

विचारणार नव्हते. लिहून गेले. राहू दे आता.

तुला माहीत आहे का तो काय करत होता मी तिथे असताना? लिंकन पार्कच्या तळ्याशी मला घेऊन जायचा आणि पुलांबद्दल सांगत बसायचा. पुलास्की स्कायवेच्या खालून जाताना त्यानं मला थांबवलं आणि वरच्या लोखंडी सळयांत त्रिकोण का असतात हे समजावलं. आजीला इंग्रजी बोललेलं कळत नाही आणि त्याला मराठी शब्द सापडेनात, म्हणून चमच्यांचा त्रिकोण आणि चौकोन करून दाखवला. चौकोन दाबला की कलंडला, त्रिकोण नाही. "आजी, बघ, हा हलत नाही." त्याचे डोळे बघायला हवे होतेस. दुकानात एकटा जाऊन माझ्यासाठी कोथिंबीर आणायचा, रस्ता नीट बघून. लायब्ररीत चालत जायचा. बारा वर्षांचं पोर, पण गाव त्याच्या पायाखालचं होतं.

प्लेन्सबरोत तो कुठे चालत जाणार गं? फोटोत रस्त्याला माणूस दिसलं नाही. तू गाडीनं सोडशील, तू आणशील, आणि तुझं ऑफिस? मंदाररावांना आत्ता पाथ रेल्वेनं मॅनहॅटनला जायला काही वाटत नाही. प्रिन्स्टन जंक्शनवरून नुसत्या गाडीत तास-सव्वा तास, वर स्टेशनला जायचं ते वेगळं. सकाळी पोर उठायच्या आधी बाप निघालेला आणि रात्री जेवणं झाल्यावर आलेला. मी म्हटलं ना, मला लातूर दिसतंय. बाप ज्वारीची पिशवी घेऊन येणार नाही, एवढाच फरक.

हे वाचून मंदारराव दुखावतील. त्यांना सांग, सासूबाई त्यांच्यावर खूश आहेत. ओजसचा शाळेचा डबा अजून तेच भरून देतात ना? कुठल्या बापाला जमतं ते.

आता मला जे सुचलं ते सांगते, मग गप्प बसते. हडसन काउंटीचं, म्हणजे तुमच्या आत्ताच्या जिल्ह्याचं, हायटेक हायस्कूल सिकॉकसला आहे, सरकारी, त्याला काउंटीतली मुलं अर्ज करतात. हातानं करायच्या गोष्टी, डिझाइन, तिथे शिकवतात. जर्सी सिटीत राहूनच तो तिथे अर्ज करू शकतो. पुलाचं वेड असलेल्या पोराला ती शाळा निदान आतून दाखवा तरी. आणि प्लेन्सबरोच घ्यायचं असेल, तर एक गोष्ट बघितली का? शाळांचा जिल्हा एक असला तरी काउंट्या दोन आहेत. प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये, वेस्ट विंडसर मर्सरमध्ये. मिडलसेक्सची सायन्स-इंजिनियरिंगची अकॅडमी एडिसनला आहे, तिथे अर्ज करायचा तर पत्ता मिडलसेक्सचा लागतो. म्हणजे रस्ता ओलांडला की दार बदलतं. तिथलं नॉर्थ हायस्कूल की साउथ, एवढंच बघत बसू नका.

आणि शाळेत जाल तेव्हा वरच्या मुलांबद्दल विचारू नका, त्यांचं सगळीकडे बरं चालतं. मधल्या पोराचं काय करता ते विचारा. गणिताच्या पुढच्या वर्गातून मागे यायचं झालं तर मागे येता येतं का, आणि आल्यावर त्याच्याशी कोण बोलतं. शाळेतल्या एका समुपदेशकाकडे किती मुलं आहेत. राज्याच्या अहवालात गैरहजेरीचा आकडा असतो, तो बघा. चांगल्या घरची मुलं शाळेत जायचं टाळायला लागली की काहीतरी बिनसलेलं असतं, हे तिकडचं आणि इकडचं सारखंच. दुपारी शाळा सुटताना फाटकासमोर गाडी लावून बसा आणि मुलांचे चेहरे बघा. मी नवीन शाळेत बदली झाली की तेच करायचे.

पुन्हा उपदेश झाला. तू म्हणशील, आईला सगळं इथे बसून दिसतं. तसं नाही गं. तू जेवढा विचार केलास तेवढा मी तुझ्यासाठी कधी केला नव्हता, कारण करावा लागला नाही. लोक ज्या गावासाठी घरदार सोडून यायचे त्या गावात तू आयती जन्मलीस. तुला पत्ता शोधावा लागला नाही. तुझ्या लेकरासाठी तो तू शोधते आहेस, रात्री जागून, नकाशावर रेघा बघत. मला त्याचं कौतुक आहे. ते मी फोनवर कधी बोलत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

फक्त ओजसला कुणी विचारलंय का? फोनवर मी हेच विचारलं आणि तू म्हणालीस, बारा वर्षांच्या मुलाला काय विचारायचं. घर घ्यायचं की नाही हे नको विचारू. तिथे गेल्यावर काय सुटेल असं त्याला वाटतं, एवढं विचार. तो सांगेल. हळू सांगतो, मध्ये थांबतो, पण सांगतो. मध्ये बोलू नकोस मात्र. माधवला मी कधी विचारलं नव्हतं असं नाही, पण तो उभ्यानं जेवणारा, त्याला उत्तर द्यायला वेळच नसायचा. ओजस बसून जेवतो अजून. तेवढ्यात विचार.

बुधवारी ऑफर द्यायचीच असेल तर द्या. औशाच्या प्लॉटचे पैसे आले आहेत, ते तुमच्याच नावानं ठेवलेत, नाही म्हणू नकोस. बाबांनी बँकेत जाऊन बाहेर पाठवायचे कागद आणले आहेत, त्यांना तुझ्या पासपोर्टची आणि खात्याची माहिती लागेल. ती मंदाररावांकडून नीट टाइप करून घे, मागच्या वेळी एका अक्षरापायी किती त्रास झाला ते तुला आठवतंच आहे.

बाबांची शुगर ठीक आहे, काळजी नको. मेथकूट आणि काळा मसाला पाटलांच्या सुनेबरोबर पाठवतेय, ती पंधरा तारखेला निघते.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात, शाळा सुटल्यावर क्लबसाठी थांबणाऱ्या मुलांना उशिराची बस आहे का, ते विचारायला सांग. नसेल तर रोज पाच वाजता कोण आणणार, हे ऑफर देण्याआधी तुम्ही दोघांनी बसून ठरवा.